दाखल क्रमांक ३४१२

निशिगंधा मूळची बिरवाडीची. ग्रंथालयशास्त्र शिकून ती मुंबईतल्या एका जुन्या वेधशाळेच्या ग्रंथालयात कंत्राटी कामाला लागली होती. जुन्या दाखल नोंदवह्या संगणकावर चढवायच्या, एवढंच तिचं काम. कुठलं पुस्तक कधी आलं आणि कुणी पाठवलं, हे सगळं त्या वह्यांत शाईनं लिहिलेलं. पानंच्या पानं ताऱ्यांच्या याद्या, परदेशी वेधशाळांचे अहवाल, तिला उच्चारताही न येणारी नावं.

जानेवारीत एका दुपारी तिचा हात थांबला. साल १९५७, दाखल क्रमांक ३४१२. 'हस्तलिखित वही, मराठी. आकाशाच्या नोंदी. लेखक महिपती उतेकर. टपालाने आली. देणगी: येसूबाई महिपती उतेकर, मु. उमरठ, पोलादपूर, जि. कुलाबा.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'देणगीदाराने किंवा वारसाने मागितल्यास परत द्यावी.'

वही शोधायला दोन दिवस लागले. नकाशांच्या कपाटात, सगळ्यात खाली, कापडात बांधलेली ती मिळाली. ग्रंथपाल बुद्धरत्न सरांनी कर्मचाऱ्यांचं जुनं रजिस्टर काढून पाहिलं. महिपती उतेकर वेधशाळेत दुर्बिणीवरचा घुमट फिरवायच्या कामावर होते. आजारपणामुळे त्यांनी नोकरी सोडल्याची नोंद होती.

"स्कॅन करून सगळ्यांना खुली करायची तर वारसांना विचारायला हवं," सर म्हणाले. "तू तिकडचीच ना? जाऊन ये."

शनिवारी ती उमरठला उतरली. उतेकरांचं घर विचारत गेली, तर अंगणात एक बाई वाल सोलत बसल्या होत्या. त्या आवडीबाई, महिपतींची नात. नवरा वारल्यापासून त्या माहेरीच राहत होत्या. भाऊ मुंबईत, घर आणि शेती त्याच बघायच्या. निशिगंधानं सगळं सांगितलं आणि टॅबवर वहीच्या पानांचे फोटो दाखवले.

आवडीबाईंनी हात पदराला पुसले. "आजाचं अक्षर हाय? मी त्याला बघितलाच नाय. माझ्या जन्माच्या आधीच गेला तो."

"आजोबा कधी गेले?"

"एकावन साली, बाबा सांगायचा."

निशिगंधा गोंधळली. वहीतल्या नोंदी तर १९५७ पर्यंत होत्या. तिनं पानं मागेपुढे केली. ग्रंथालयात तिनं वही घाईघाईत चाळली होती, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. निम्म्यावर अक्षर बदललं होतं. आधीचं उभं, टोकदार. नंतरचं मोठं, गोल, ओळ सोडून खाली घसरणारं. पण नोंदी तशाच होत्या. कृत्तिका किती वाजता डोंगराआडून वर आल्या, शुक्र कुठे दिसला, ढग होते का.

"हे दुसरं अक्षर तुमच्या आजीचं असेल," ती म्हणाली.

"नाय गो. ती अंगठा करायची. जमिनीच्या सगळ्या कागदांवर तिचा अंगठा हाय."

निशिगंधानं शोधून एक पान मोठं केलं आणि वाचलं. 'हे गेले त्याला आज महिना. यांनी शिकवले तसे लिहीत आहे. आभाळ स्वच्छ.'

आवडीबाईंनी टॅब जवळ घेतला. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. ओठ हलवत त्यांनी ती स्वतः पुन्हा वाचली.

"अंगठाच मागितला असंल तिच्याकडं," त्या शेवटी म्हणाल्या. "सही येते का, असं कोण विचारणार होतं तिला?"

मग त्यांना वाचायचंच होतं. चहा झाला, वाल तसेच राहिले. निशिगंधा पान सरकवायची आणि दोघी वाचायच्या. कुठे भात झोडल्याची नोंद, कुठे म्हैस व्याल्याची. तेवढ्यात निशिगंधाला शके १८७७ मधली एक नोंद दिसली.

'मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. चंद्र पूर्ण, म्हणून बारीक तारे दिसले नाहीत. लेकाला पहिली मुलगी झाली. जावळ दाट. नाव आवडी ठेवणार.'

निशिगंधानं मोबाइलवर जुनं पंचांग शोधलं. "अठ्ठावीस डिसेंबर, एकोणीसशे पंचावन्न. बुधवार."

"शाळेत गुरुजींनी माझी एक जून लावली," आवडीबाई म्हणाल्या. "चोपन सालची. आईला इचारलं तर म्हणायची, थंडी होती, एवढंच आठवतंय." त्या हसायला लागल्या आणि हसताहसता डोळे पुसू लागल्या. "म्हंजे मी दीड वर्षानं लहान झाले की."

शेवटच्या पानावर चारच ओळी होत्या. 'डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. चूक लिहिण्यापेक्षा थांबलेले बरे. यांच्या कामाच्या ठिकाणी अशा वह्या जपून ठेवतात असे हे सांगत. म्हणून पाठवीत आहे.'

निशिगंधानं वारसाच्या संमतीचा अर्ज काढला. वही परत हवी असेल तर मिळेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

आवडीबाईंनी घरामागच्या उताराकडे हात केला. तिथे नुसतं जोतं उरलं होतं. "दोन हजार एकवीसच्या दरडीत ती मागची पडवी गेली. आईबाबाचे फोटो, ट्रंका, सगळं. वही घरात असती तर तीपण गेली असती. तिथंच राहू दे. पण मला एकदा हातात घेऊ दे. आणि तुमच्या त्या मशिनीत तिचं पण नाव घाला. नुसती पाठवणारी नव्हती ती."

फेब्रुवारीत आवडीबाई भावाकडे गेल्या तेव्हा दोघं बहीणभाऊ वेधशाळेत आले. बुद्धरत्न सरांनी मेजावर पांढरं कापड अंथरून वही ठेवली. आवडीबाईंनी आधी नुसता तळहात तिच्यावर ठेवला. मग एकेक पान उलटत गेल्या. मधेच थांबून भावाला म्हणायच्या, "हे बघ, बाबाच्या लग्नाचं."

निशिगंधा शेजारी संगणकावर बसली होती. नोंद ३४१२ उघडून तिनं लेखकाच्या जागी महिपतींच्या पुढे येसूबाई महिपती उतेकर असं टाइप केलं. मग खुर्ची मागे घेऊन आवडीबाईंना बोलावलं.

"मावशी, वेलांटी बरोबर आहे ना, बघा."

आवडीबाईंनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकल्या.