बुडाला चिकटलेलं मत

मी थर्मास बोलतोय. हसू नका. आमच्या मोन्तेविदेओ शहरात माझ्यावाचून माणसाचं पान हलत नाही. बाजार असो की मयत, डाव्या काखेत मी आणि हातात येर्बाच्या कडू चहाचं भांडं. माझी मालकीण नेलिदा. तिचं लग्न वॉशिंग्टनशी झालंय खरं, पण काख माझी.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. आता पोचे पडलेत आणि बूच गळतं. "नवं आणतो," असं वॉशिंग्टन तीन वर्षं म्हणतोय.

त्या ऑक्टोबरात घरात सार्वमताच्या दोन रंगांच्या चिठ्ठ्या आल्या. पांढरी, परदेशातल्यांना टपालानं मत देता यावं म्हणून. तिच्यावर भांडण नव्हतं, कारण मुलगा मिल्तन स्पेनमध्ये. गुलाबी होती लष्करी राजवटीत माणसं उचलून नेणाऱ्यांना मिळालेली माफी रद्द करायला. 'नको'ची चिठ्ठीच नसते. मताच्या पाकिटात घातली नाही, की झालं 'नको'.

गुलाबीवरून रोज जुंपायची. शहात्तर साली नेलिदाचा भाऊ रुबेन वॉशिंग्टनची सायकल घेऊन कामाला निघाला. त्याला रस्त्यातूनच उचललं. तो परत आलाच नाही.

"जुनी मढी कशाला उकरायची?" वॉशिंग्टन म्हणायचा. "आणि माझी सायकल गेली ती गेलीच!"

"तेहतीस वर्षं तुला सायकलच दिसतेय, मेल्या!"

मतदानाच्या दिवशी नेलिदा मला काखेत घेऊनच मतदानाच्या बंद खोलीत शिरली. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि चष्मा पुसायला मला खाली टेकवलं, नेमकं गुलाबीवर. माझं बूड ओलं होतं. चिठ्ठी चिकटली. भरल्या डोळ्यांनी तिनं उरलेले कागद पाकिटात सरकवले आणि मला उचललं. मी ओरडणार कसा? तोंडाला बूच!

घरी येर्बात पाणी ओतायला वॉशिंग्टननं मला तिरकं केलं. "नेलिदा, हे काय गं?"

ती मटकन खाली बसली. "मी रुबेनला 'नको' म्हटलं रे! माझ्या हातानं!" आणि हमसून रडायला लागली. मला आतली काच फुटून मरावंसं वाटलं.

वॉशिंग्टननं कान खाजवला. "रडू नकोस. माझी गेलीय पेटीत."

"पांढरी ना?"

"गुलाबीसुद्धा."

"तू? तू तर रोज..."

"मग काय करू? त्या लोकांची माफी तशीच राहिली, तर सायकल कुठाय हे मी विचारू कुणाला?"

नेलिदानं पहिलं भांडं त्याला भरून दिलं. एरवी ते तिचं असतं.

दोन्ही चिठ्ठ्या हरल्या. गुलाबी थोडक्यात, पांढरी चांगलीच. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टननं नवं बूच आणलं.

ती गुलाबी चिठ्ठी अजून माझ्या बुडाला आहे, नेलिदा काढू देत नाही. मी म्हातारा झालोय, कबूल. पण एवढ्यात मला भंगारात घालू नका. रुबेन अजून यायचाय, आणि सायकलसुद्धा.