शिमग्याला घरी गेलेली झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझ्या पोटात दहा लिटर पाणी मावते आणि तोंडाला बत्तीस भोके आहेत. त्यांतली पाच बुजली आहेत, पण ते मी चारचौघांत सांगत नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगितले.

माझा जन्म माणगावच्या बाजारात झाला. पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून आकार दिला, सांधे झाळले आणि दुकानाबाहेर टांगून ठेवले. तिथून मला बुधाजीमामांनी उचलले. मामा चौलच्या एका बागकाम कंपनीत माळी. मुंबईकरांच्या बंगल्यांभोवती हिरवळ, जास्वंद, सोनचाफा लावून देणारी ती कंपनी. मामांनी माझ्या कडीला काथ्याची दोरी गुंडाळली आणि टोकाला एक तिरकी गाठ मारली. तशी गाठ अख्ख्या चौलात दुसऱ्या कुणाला जमत नाही. "पायपाचं पानी रोपाला बुडवतंय, झारीचं पानी न्हाऊ घालतंय," असे ते सगळ्यांना सांगत. मी फुगून जायचे.

पुढे ठिबकच्या नळ्या आल्या आणि मी कोपऱ्यात पडले. बुडाला गंज चढला, भोक पडले. एके दिवशी टेम्पोवाल्या परेशने रोपांचे रिकामे क्रेट पुरवठादाराकडे परत नेले, त्यांच्या ढिगात मीही गेले. मामांनी मला आठवडाभर शोधले म्हणे. हे ऐकले तेव्हा मला फार बरे वाटले.

त्या पुरवठादाराची नर्सरी आडरानात होती. आमच्या कंपनीची निम्मी रोपे तिथूनच यायची. तिथे अकरा माणसे काळ्या पिशव्यांत माती भरायची आणि रोपांना पाणी घालायची. मला उचलले ते ठमीने. ती सुधागडातली, पालीच्या पुढच्या एका कातकरी वाडीवरची. तिने डांबराचा गोळा उन्हात मऊ केला आणि माझे भोक बुजवले. "गळकी असलीस तरी माझ्यासारखी कामाची हायेस," असे म्हणून ती हसली. मित्रांनो, त्या दिवसापासून मी तिची झाले. मामा मला माफ करोत.

ठमीच्या हाताखाली मरायला टेकलेले रोपही जगायचे. पण ती स्वतः सुकत चालली होती. तिची लेक केसर आजीजवळ वाडीवर होती आणि दोन शिमगे झाले, ठमीने तिला पाहिले नव्हते. आता तुम्ही विचाराल, ती गेली का नाही? आल्या दिवशीच मुकादमाने सगळ्यांची आधार कार्डे 'सांभाळायला' म्हणून घेतली होती. मागायला गेले की म्हणायचा, "काम संपू दे, मग देतो." झाडांचे काम कधी संपते का? आणि कार्डाशिवाय गेली तर रेशन अडेल, केसरच्या शाळेचे काम अडेल, ही ठमीला भीती. संध्याकाळी फाटकाला कुलूप लागायचे ते वेगळेच.

आमची चौलची कंपनी मात्र चोख हो! पगार वेळेवर, गुरुवारी सुट्टी, शिमग्याला पाच दिवस घर. रोपे पुरवणाऱ्यांचीही चौकशी व्हायची. ते काम कंपनीतल्या नेत्राकडे होते. तिने फोन करून नर्सरीच्या मालकाला विचारले होते, "तुमच्याकडे कुणाला जबरदस्तीने ठेवलंय का?" मालक म्हणाला, "छे, छे!" तिने कागदावर बरोबरची खूण केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

होळीला आठ दिवस उरले असताना नेत्रा आणि बुधाजीमामा रोपे निवडायला स्वतः तिथे आले. मालक चहा सांगायला गेला आणि मामांची नजर माझ्यावर पडली.

"अगं, ही तर माझी झारी!"

ठमी दचकली. तिने मला खाली ठेवले आणि हात जोडले. "मी चोरली न्हाय, काका. टेम्पोतनं आली. मुकादमाला सांगू नका."

मामा तिथेच मातीत बसले. त्यांनी माझे बूड उलटे करून पाहिले. "चोरायची कसली? तू तर हिला जगवलीस, पोरी." मग एक पिशवी ओढून तिच्याबरोबर माती भरू लागले. नेत्राही बसली. भरता भरता मामांनी सहज विचारले, "शिमग्याला घरी गेली हुतीस का?"

ठमीचे हात थांबले. आमच्या कोकणात शिमग्याला देवसुद्धा पालखीत बसून घरोघरी जातात, मग माणूस कसा थांबेल? "दोन वरसं न्हाय गेले," ती म्हणाली. "कार्ड त्याच्याकडं हाय." आणि तिच्या डोळ्यांचे पाणी माझ्या पत्र्यावर पडले. मित्रांनो, जन्मभर मी पाणी वाहिले, पण इतके जड पाणी कधी पेलले नव्हते.

नेत्राने मालकासमोर फक्त रोपे निवडली. चौलला परतल्यावर तिने सगळे कंपनीच्या मालकीणबाईंना सांगितले. कल्पिताताई संतापल्या. "उद्यापासून त्याच्याकडचं एक रोपही घ्यायचं नाही!"

"ताई, आपण हात झटकून मोकळं होऊ," मामा म्हणाले, "आनि ती अकरा मानसं? फाटक तर त्यांच्यावरच लागेल."

 दुसऱ्या दिवशी कल्पिताताई स्वतः तहसील कचेरीत गेल्या आणि वेठबिगारीची लेखी तक्रार दिली. पाचव्या दिवशी अधिकारी, पोलीस आणि नेत्रा नर्सरीत आले. मुकादमाच्या खोलीतून बिस्किटांचा डबा निघाला, त्यात अकरा कार्डे होती. ठमीने आपले कार्ड पदराला पुसले आणि पुन्हा पुन्हा पाहिले. फोटोतली ठमी तिच्यापेक्षा गुटगुटीत होती.

होळीच्या सकाळी परेशच्या टेम्पोत ती वाडीवर निघाली. मामांनी मला तिच्या मांडीवर ठेवले. "आता ही तुझी. पन गाठ माझी हाय, ती सोडू नको."

केसर आधी लाजली, आजीमागे लपली. मग धावत आली ती आईच्या गळ्यातच पडली. मी मध्ये चेपले गेले. एक पोचा आला. तो मी कुणाला काढू देणार नाही.

आता वाडीवरच्या बायका मोगऱ्याची आणि कुड्याची रोपे करतात आणि चौलची कंपनी ती घेते. नेत्रा येते तेव्हा कागद पिशवीतच ठेवते, आधी मातीत बसते.

मित्रांनो, तुम्हीही कधी रोप आणायला जाल. पानांना कीड आहे का ते जरूर पाहा. पण पाणी घालणाऱ्या मावशीजवळ थोडे थांबा आणि विचारा, "मावशी, शिमग्याला घरी गेला होतात का?" उत्तर यायला वेळ लागला, तर घरी येऊन मोठ्यांना सांगा. रोप सांभाळायचे तर आधी त्याला जगवणारे हात सांभाळावे लागतात.

बरे, केसर मला न्यायला आली. तिला मी अजून जड होते, म्हणून दुसऱ्या बाजूने ठमी धरते.