शोधशब्द

आमदारांनी एकमेकांना लिहिलेली जुनी पत्रं लोकांसाठी वेबसाइटवर टाकायची, हे आमच्या खात्याचं काम. सकाळी मी पत्रं वाचून शोधशब्द टाइप करायची: कोण, कुठला, कशाबद्दल. दुपारी, ज्यांच्या जिवाला धोका त्यांची नावं पत्रावर काळी करायची. कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मला त्याचा माज होता.

एक पत्र माझ्या दादाबद्दलचं निघालं. दादा खडीच्या खाणीवर ड्रायव्हर होता. मालकाने दोन मजुरांना जिवंत गाडलं, ते त्याने पाहिलं आणि आमदाराच्या कानावर घातलं. मालक दहा वर्षं आत सडून सुटला, पण बातमी कुणी फोडली हे त्याला कळलं नाही. दादाचं नाव मी तीनदा काळं केलं. म्हटलं, आता ब्रह्मदेवाच्या बापालाही वाचता येणार नाही.

पत्रं खुली झाली आणि तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, दोघांनी लाथ घालून आमचं दार तोडलं. एकाने मला फ्रिजला दाबून धरलं. दुसऱ्याने पहार उचलली आणि दादाच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"माझं नाव नाही त्या पत्रात!" दादा किंचाळला. "हिला विचारा, हिनेच काळं केलंय!"

मला धरणाऱ्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. दादाचं पत्र, त्यावर काळा पट्टा.

"बघ ना मेल्या, काळंच आहे!" मी ओरडले.

त्याने अंगठ्याने पान वर सरकवलं. पत्राखाली माझे शोधशब्द होते. खाणीचं नाव. मजूर. आणि दादाचं पूर्ण नाव, सकाळी टाइप केलेलं.

"काम चोख आहे हं, ताई," तो म्हणाला. "मालकांनी खाणीचं नाव टाकलं, लगेच सापडला."

मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने माझं डोकं फ्रिजवर आपटलं. तिकडे पहार दादाच्या छातीवर पडतच होती.

ते गेल्यावर मी रांगत दादापाशी गेले आणि त्याचा हात धरला. त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त येत होतं.

"ते खालचं... कुणी लिहिलं?"

खोटं बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

"मी, दादा."

त्याने हात सोडवून घेतला. अँब्युलन्स येईपर्यंत तो जिवंत होता, पण हात त्याने मला परत धरू दिला नाही.