लाखोळीचे वडे

"सिस्टर, पाय उचलूनच नाही राहिले," असं म्हणत रुपराव दवाखान्याच्या दोन्ही पायऱ्या एका दमात चढून आत आला.

हिंगणा रोडवरच्या पाइपांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं नर्स आहे. भाजलं, कापलं, चक्कर आली की कामगार माझ्याकडे येतात. त्या बुधवारी रुपराव सातवा होता, आणि सातही जणांचे पायच दुखत होते.

"कधीपासून?"

"वडे खाल्ले तवापासून. भागीरथाबाईनं लाखोरी खाऊ घातली ना आमाले!"

"वडे खाऊन बारा दिवस झाले रुपराव. मधल्या रविवारी तू क्रिकेट खेळलास."

"तवा मालूम नव्हतं ना, सिस्टर."

मी त्याला एका पायावर उभं केलं. पठ्ठ्या मिनिटभर उभा राहिला, वर मोबाइलही बघत होता.

भागीरथाबाई आमच्या कॅन्टीनची स्वयंपाकीण. एकोणीस वर्षं तिच्या हातचं जेवूनच इथली माणसं मशिनीवर उभी राहतात. ती रामटेककडची. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडची लाखोळीची, तिकडच्या बोलीत लाखोरीची, डाळ आणून, भिजवून, वाटून ती सगळ्यांसाठी वडे करायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तिच्या घरी पोळ्याला हेच होतं आणि कारखाना तिला घरच वाटत होता. चूक म्हणायची तर एवढीच. यंदाही माणशी पाच-पाच, सहा-सहा वडे उडाले. रुपरावनं तर बायकोसाठी डब्यात भरून नेले.

मग दहा दिवसांनी, सोमवारी, कारखान्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेला कुणी एक इसम सांगत होता की लाखोळी माणसाचे पाय खाते. साफ खोटं नव्हतं ते. महिनोन्‌महिने दुसरं काही न मिळता लाखोळीवरच जगावं लागलं, तर पाय जाऊ शकतात. नर्सिंगला आम्हाला शिकवलं होतं. पण वर्षातून एकदा खाल्लेल्या वड्यांनी? तेवढं त्या इसमानं सांगितलं नाही, आणि विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

खोटं कशाला बोलू, मंगळवारी जिना चढताना माझ्याही पोटऱ्या जड झाल्या. मीही चार वडे खाल्ले होते. मधल्या पायरीवर थांबून मी पोटरीला चिमटा काढून पाहिला. मग स्वतःचाच असा संताप आला की उरलेल्या पायऱ्या मी धावत चढले.

शुक्रवारपर्यंत माझ्या रजिस्टरमध्ये एकतीस नावं झाली. त्यातले दोघे वड्यांच्या दिवशी रजेवर होते. त्यांना विचारलं, तर एक म्हणाला, "त्याच कढईतलं नंतर खाल्लं ना आमी."

त्याच दिवशी कारखान्याच्या कामगार विभागाच्या दुर्गेश साहेबांनी भागीरथाबाईला बोलावलं. मी रजिस्टर घेऊन न बोलावता गेले. टेबलावर कागद टाइप करून तयार होता. 'माझ्याकडून अपायकारक डाळ वापरली गेली. कामगारांना झालेल्या त्रासाबद्दल मी माफी मागते.' सही केली तर तिला भांडी घासायला ठेवणार होते. नाही केली तर आजचा शेवटचा दिवस.

"साहेब, व्हिडिओ येईपर्यंत एकाचाही पाय दुखला नाही," मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. "तारखा बघा."

"तुमचं बरोबर आहे हो सिस्टर. पण लोक कॅन्टीनमध्ये यायलेच तयार नाहीत. त्यांचं समाधान तर करा लागते ना?"

"वडे तुम्हीही खाल्ले होते. तुमचे पाय कसे आहेत?"

दुर्गेश साहेबांनी टेबलाखाली पाहिलं. "थोडे जड वाटतात," ते म्हणाले.

शिकलेला माणूस! माझ्या तोंडात शिवी आली होती.

भागीरथाबाई टेबलापाशी आली. "सायेब, माही माय अस्सीची हाय," ती म्हणाली. "लाखोरी खाऊनच वाढली. आजबी धानाच्या बांधीत उतरते."

"ते ठीक आहे बाई. सही करा, नोकरी तर राहते."

"ज्या हातानं एकोणीस वर्सं वाढलं, त्याच हातानं लिहू काय, का मी जहर देल्लं म्हणून?" तिनं कागद उचलला नाही की ढकलला नाही. "नाई करत सही."

आम्ही खाली आलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. तिनं सकाळीच स्वयंपाक करून ठेवला होता. तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी. कॅन्टीनमध्ये चिटपाखरू नव्हतं. पाय गेलेली सगळी मंडळी फाटकाबाहेर हातगाडीपाशी उभी राहून, काळ्या झालेल्या तेलातले समोसे खात होती. त्या तेलाबद्दल कुणी व्हिडिओ पाठवला नव्हता.

भागीरथाबाईनं पातेल्यांवरची झाकणं काढली, तशीच परत ठेवली. मग ताट घेतलं, स्वतःला वाढलं आणि मधल्या टेबलावर येऊन बसली. इतक्या वर्षांत तिला मी गॅसमागे उभ्या उभ्याच जेवताना पाहिलं होतं. मीही ताट घेतलं.

"तुमी नका खाऊ, सिस्टर," ती म्हणाली. "उद्या तुमचं काई दुखलं, तं माहंच नाव येईल."

मी वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसले.

तिचं आधी झालं. ताटात एक शीत उरलं नव्हतं. तिनं ताट धुऊन पालथं घातलं, कोठीची किल्ली टेबलावर ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. माझा भात अजून संपायचा होता. जेवणाऱ्याला एकटं टाकून उठायची तिला सवय नव्हती.