डिकीवरचा रंग

नीळकंठरावांनी चावी फिरवली. गाडी घुर्रर्र… घुर्र… करून दमली आणि गप्प बसली. त्यांनी स्टिअरिंगवर चापट मारली. चापटीनं गाड्या सुरू होत असत्या, तर ही एव्हाना काशीला जाऊन आली असती.

धाड गावच्या शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून नीळकंठरावांना रंगाचं वेड लागलं होतं. घरात लोखंडी म्हणून जे जे होतं, ते त्यांनी रंगवून काढलं. फाटक झालं, पाण्याची टाकी झाली, झोपाळ्याच्या कड्या झाल्या. मागच्या दिवाळीत या जुन्या गाडीची पाळी आली. बाहेरून निळी, आतून निळी, बॉनेटखालीही निळी.

"इंजिनापाशी काऊन रंग लावता? तिथं कोण पाह्यते?" शारदाबाईंनी विचारलं होतं.

"गंज पाह्यते," नीळकंठराव म्हणाले होते.

हिवाळ्यात इंजिन फिरवून गाडी सुरू करणारा सेल्फ जड फिरू लागला तेव्हा त्यांनी थंडीवर खापर फोडलं. उन्हाळा आला तरी तेच. मग बॅटरी बदलली. मग शेखर मेकॅनिकनं सेल्फ खोलून आतले बुश बदलले, तरी सकाळी गाडी पुन्हा कण्हायला लागली. वैताग असा की दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, फक्त इंजिन फिरवायची वेळ आली की मेलं सगळं. शेखरही आता हात टेकून म्हणू लागला होता, "काका, म्हातारी झाली ती." तो गाडीबद्दलच बोलत असावा, अशी नीळकंठराव स्वतःची समजूत घालत. त्यात डिकीवर दोन जागी रंग उडून पांढरट डाग पडले होते. त्यासाठी त्यांनी आधी उन्हाला आणि मग रंगाच्या दुकानदाराला शिव्या दिल्या.

धक्का मारला की मात्र गाडी सुरू व्हायची. नीळकंठराव आत बसत आणि शारदाबाई मागून ढकलत. मागच्या बाजाराच्या दिवशी भर चौकात ढकलताना त्यांचा पाय पातळात अडकला, त्या गुडघ्यावर पडल्या आणि पिशवीतले टमाटे रस्ताभर झाले. बघे हसले. घरी आल्यावर त्या शांतपणे बोलल्या, आणि त्या शांत बोलल्या की नीळकंठराव वाद घालत नसत.

"यापुढं धक्का नाही. रेवतीच्या लेकीच्या बारशाले गाडी आपसूक सुरू झाली तर तुमच्यासंगं येईन. नाही तर मी एसटीनं जाते, अन् ही गाडी टाका विकून."

आज बारसं होतं, तिकडे देऊळगाव राजाला, भाची रेवतीच्या घरी. शारदाबाई नवं पातळ नेसून ओट्यावर उभ्या होत्या. शेजारची जागा रिकामी ठेवून गाडी चालवायची कल्पनाच नीळकंठरावांना सहन होत नव्हती. दोघांचं जे काही निवांत बोलणं व्हायचं, ते या गाडीतच व्हायचं.

त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची टोकं पुन्हा घासली, नट पुन्हा आवळले. चावी फिरवली. घुर्र… घुर्र.

"मर मग!" ते ओरडले. "नवी बॅटरी दिली, सेल्फ दुरुस्त केला, आणखी काय माझं काळीज काढून देऊ तुले?"

"तिच्यावर काऊन ओरडता?" शारदाबाई ओट्यावरून उतरल्या. बॉनेटखाली डोकावत त्यांनी एका हातानं कडेला आधार घेतला. "फिरवा बरं एकदा, मले पाहू द्या."

नीळकंठरावांनी चावी फिरवली.

"आई गं!" शारदाबाईंनी हात झटकला. "ही वायर तर पोळून राह्यली!"

नीळकंठराव धावत आले. बॅटरीपासून निघून गाडीच्या पत्र्याला बोल्टनं कसलेली ती अर्थिंगची जाड वायर होती. बॅटरीकडचं टोक थंड होतं, पत्र्याकडचं तापलेलं.

"मिक्सरचा प्लग ढिला असला की असाच तापते," शारदाबाई म्हणाल्या.

नीळकंठरावांनी बोल्ट खोलला आणि ते तिथंच बघत राहिले. वायरीच्या टोकाखाली पत्र्यावर निळा रंग होता, चांगला जाड, दोन हात दिलेला. दिवाळीत त्यांनीच बोल्ट काढून, गंज लागू नये म्हणून खालचा पत्रा रंगवला होता आणि वायर वर कसली होती. थोडी वीज कशीबशी जात होती, तिच्यावर दिवे चालत होते. सेल्फला लागणारा मोठा करंट या रंगापाशी अडत होता. इतके महिने ज्याला शिव्या घालत होते तो माणूस सापडला, आणि आता शिवी तोंडातून निघेना.

पॉलिश पेपरनं त्यांनी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर कसली, बॉनेट खाली केलं आणि चावी फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी आनंदानं बाजूच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. एसटीनं निघाली की काय, म्हणून घाबरून त्यांनी खाली उतरून पाहिलं.

शारदाबाई गाडीच्या मागं उभ्या होत्या. नव्या पातळाचा पदर कमरेला खोचलेला, अंग पुढं झुकलेलं, दोन्ही तळवे डिकीवर. सवयीनं.

"सुरू झाली का?" असं म्हणत त्यांनी हात उचलले. हातांखाली ते दोन पांढरट डाग होते.