डिदर

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि शिकवताना ओरडते. ओरडल्याशिवाय माणसाचा पाय क्लचवरून हलत नाही, हा माझा अनुभव आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तोंडावर सगळे मला मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काडीचंही सोयरसुतक नाही.

तर त्या दिवसांत माझ्याकडे इंग्रजीचे एक निवृत्त सर शिकायला येत होते. आजवर गाडी त्यांची बायको चालवायची. तिची नजर अधू झाली आणि स्टिअरिंग या वयात सरांच्या गळ्यात पडलं. माणूस अगदी देवासारखा, पण चौकातल्या सर्कलपाशी आला की संपलं. "जाऊ का? नको, ती सायकल जाऊ दे. आता जाऊ? थांबा, व्हॅन येतेय वाटतं." मागे हॉर्नची नुसती बोंबाबोंब.

"अहो सर, तळ्यात की मळ्यात, एकदाचं ठरवा की!" मी किंचाळले.

गाडी भर चौकात बंद पडलेली, आणि सर शांतपणे म्हणाले, "बाई, याला इंग्रजीत फार झकास शब्द आहे. डिदर. आय ॲम डिदरिंग."

शब्द मला आवडला. बोलतानाच कसं दात वाजल्यासारखं वाटतं! "म्हणजे विचार करणं का?" मी विचारलं. "छे! विचार करणारा माणूस कुठंतरी पोचतो," सर म्हणाले, "डिदर करणारा जागच्या जागी उभा राहतो आणि वर दमतो." मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. नुसता अर्थ पाठ करून शब्द आपला होत नाही, म्हणाले, रोज एक वाक्य करून आणा. झालं! त्यांना गाडीचा धडा आणि मला शब्दाचा. मीही हौसेनं वाक्यं नेऊ लागले. भाजीवाल्यापुढची बाई डिदर करते, कोबी घेऊ की फ्लॉवर. माझा मुलगा डिदर करतो, दाढी ठेवू की काढू. शेजारचं मांजर खिडकीत डिदर करतं, आत येऊ की बाहेर जाऊ. सर खूश.

आता मिस्त्रींचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिस्त्री म्हणजे आमच्या स्कूलच्या गाड्या दुरुस्त करणारे. एकटेच राहतात. कमी बोलणारे, पण माझ्या तोंडाला न घाबरणारे जगात बहुधा एकटेच. त्यांनी एकदा रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता मला विचारलं, "आपण दोघांनी लग्न केलं तर?" मी म्हटलं, "बघू." त्या 'बघू'ला कित्येक महिने झाले. मुलगा तर "आई, हो म्हण ना गं" करून डोकं खातो. त्याचे बाबा एका सकाळी माझ्याशी बोलता बोलता गेले, तेव्हा तो शाळेत होता. आता मोठा शहाणा झालाय.

आणि त्या आठवड्यात मिस्त्री म्हणाले, "भावानं त्याच्या गावी गॅरेज काढलंय, मला बोलावतोय. रविवारी निघतो. तुम्ही हो म्हणालात तर नाही जाणार. नाही म्हणालात तरी राग नाही. पण काहीतरी म्हणा." मी म्हटलं, "क्लच नीट करा आधी." असा सगळा आनंद!

शनिवार उजाडला. सर गाडी घेऊन सर्कलपाशी आले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा, आणि काय सांगू, थेट आत शिरले. तेवढ्यात गाडीनं गचका खाल्ला आणि उभी राहिली.

"आता ब्रेक कुणी दाबला?" सरांनी विचारलं.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. माझा पाय त्यावर होता. चांगला गच्च दाबलेला.

"मीच," मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही थांबणार."

"अहो, मग रोज गाडी इथं थांबते ती...? आणि मला वाटायचं माझाच पाय कच खातोय!" सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला मात्र हसू येईना. मिस्त्री मागेच म्हणाले होते, तुमच्या बाजूच्या ब्रेकच्या पेडलचं रबर पार झिजलंय, शिकणाऱ्याच्या बाजूचं अजून नवंकोरं आहे. तेव्हा मी त्यांच्यावरच खेकसले होते.

सर म्हणाले, "बाई, इतके दिवस वाक्यं ऐकतोय. बाई झाली, मुलगा झाला, मांजरसुद्धा झालं. 'आय'नं सुरू होणारं एकही वाक्य नाही तुमचं."

"मी कशाला डिदर करू?" मी फटकारलं खरं. आणि भर सर्कलमध्ये, चहूकडून हॉर्न वाजत असताना, त्या परक्या माणसाला मी मिस्त्रींचं सगळं सांगून मोकळी झाले.

सरांनी उपदेश केला नाही. "पाय वर घ्या," एवढंच म्हणाले. मी सीटवर चक्क मांडी घातली आणि जीव मुठीत धरून बसले. सरांनी गाडी अलगद काढली, सर्कल पार केलं आणि न विचारता थेट आमच्या स्कूलमागच्या, मिस्त्रींच्या गॅरेजच्या दारात आणून उभी केली.

मिस्त्री एका गाडीखाली होते, बाहेर नुसते पाय. बरं झालं, पायांशी बोलणं सोपं.

"मिस्त्री, आय ॲम डिदरिंग," मी म्हटलं.

"डॉक्टरकडे नेऊ का?" खालून आवाज आला.

"अहो, म्हणजे घुटमळतेय मी! लोक हसतील म्हणून नाही, लोक गेले खड्ड्यात. मला भीती वाटते. एक माणूस डोळ्यांदेखत गेला माझा. तुम्हीही तसेच गेलात तर पुन्हा उभं राहायचं बळ नाही माझ्यात."

खालची खटखट थांबली. मिस्त्री सरपटत बाहेर आले, कपाळाला ग्रीस, हातात पाना. उठून बसले आणि पाना खाली ठेवला.

"मी तिकडे भावाच्या गावी मेलो, तर रडणार नाहीस?" त्यांनी विचारलं. अहोजाहो सोडून पहिल्यांदाच.

"रडेन की," मी म्हटलं.

"मग इथं हक्कानं तरी रड."

"हे काय बोलणं झालं?" म्हणून मी ओरडले आणि तिथंच, दोन टायरांच्या मध्ये बसून, भोकाड पसरलं. रडता रडताच हो म्हटलं. हुंदक्यांत त्यांना ते नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.