निषादला बांधलेला फेटा

"राजे, तुझं डोकं फिरलंय," तेजल म्हणाली. "एका मिनिटासाठी अख्खा पगार?"

आम्ही दोघी लोणावळ्यात एकाच हॉटेलच्या रिसेप्शनला कामाला. तिचं चुकत नव्हतं म्हणा. माझा लाडका गायक निषाद भुशीकडच्या एका रिसॉर्टवर येणार होता. गाणार नाही, नुसता भेटणार, तेही महागडा पास काढणाऱ्यांना. एक मिनिट, एक फोटो, चला पुढे. "तेवढ्यात काय त्याच्याशी संसार मांडणारेस?" असंही म्हणाली ती. मला इतका राग आला की दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला निषादला दोन ओळी म्हणून दाखवायच्या होत्या आणि एवढंच विचारायचं होतं, माझा आवाज बरा आहे का? लहानपणापासून गाते मी. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कुठंही. पण आमच्या गावात, तिकोणा पेठेत, आजवर कुणी चांगलं म्हटलं नाही की वाईट. आई म्हणते, "हात चालव." पप्पा तर काहीच म्हणत नाहीत. आमचे पप्पा म्हणजे सोपान फेटेवाले. लग्नात फेटे बांधताना समोरच्या डोक्याशी बोलतील ते बोलतील, घरी मुका माणूस. निषाद हो म्हणाला तर गाण्याच्या क्लासला नाव घालायचं, नाही म्हणाला तर गाणं कायमचं बंद. अगदी ठरवून टाकलं होतं.

पास दोघांचा होता. तेजलनं हात वर केले, म्हणून पप्पांना घेऊन गेले. इस्त्रीचा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन निघाले ते.

"पिशवीत काय आहे?"

"काय न्हाई गं, कापड हाय."

मी आपली माझ्या दोन ओळी घोकण्यात गुंग. तिथंच घोळ झाला.

आमचा नंबर आला. निषाद! फोटोपेक्षा बारका, डोळ्यांखाली काळं, पण हसला मात्र अगदी गोड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पप्पा पुढं झाले. "रामराम पाव्हणं," म्हणाले आणि पिशवीतून गुलाबी फेटा काढला.

आता आमच्याकडं पाहुणा बोडक्या डोक्यानं परत जात नाही. आमदार असो की मुलगी बघायला आलेला मुलगा, आधी फेटा, मग बोलणं. पास, मिनिट, रांग हे पप्पांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. एवढा मोठा माणूस मावळात आलाय आणि कुणी त्याचा साधा सत्कार करत नाही, याचीच त्यांना लाज वाटत होती.

"राजे, टोक धर," पप्पा म्हणाले.

फेट्याचं कापड लांबलचक. पप्पांनी डोक्याला गुंडाळायचं आणि मी दुसरं टोक लांब ताणून धरायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. सवयीनं हात पुढं गेला आणि पाय मागं मागं. भानावर आले तेव्हा मी पार दाराशी, रांगेतल्या बायकांमध्ये उभी, आणि निषाद तिकडं पप्पांच्या ताब्यात! माझं मिनिट! माझा पगार! वाटलं, कापड तिथंच फेकावं आणि बोंब ठोकावी.

काळ्या टी-शर्टातला एक आडदांड माणूस आला. "काका, टाइम झाला."

"अर्धा फेटा सोडत नसत्यात," पप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "थांबा वाईच."

निषादला मान हलवता येत नव्हती. "राहू दे रे," तो हसत म्हणाला, "होऊ दे त्यांचं." सगळी रांग खोळंबली.

आणि मग पीळ देता देता पप्पा नेहमीसारखे त्या डोक्याशी बोलायला लागले. त्यांच्या मते ते कुजबुजत होते. पण वरातीच्या बँडपुढं जन्म गेलेल्या माणसाची कुजबुज ती. दारापर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला.

"ती टोक धरून उबी हाय ना, ती माजी पोरगी. गाती. लय ग्वाड गाती. सकाळी मोरीवर गायला लागली का मी गाडीला किकच मारत न्हाई. आवाजात गाणं बुडतंया. तिकडनं लगीनघरची फोन करून शिव्या घालत्यात, फेटेवाला कुटं मेला म्हणून. घालू द्यात. गाणं सपल्याबिगर मी काय हालत न्हाई. तिला मातुर बोलू नका हां. कुनी ऐकतंय कळलं का लाजल आन् बंद करंल."

बाजूच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला समोरचं काही दिसेना.

"राजे, ढिलं सोडू नको!" पप्पा ओरडले.

फेटा झाला, फोटो निघाला. फोटोत निषाद नवरदेवासारखा रुबाबदार, पप्पा घामाघूम आणि मी नाक पुसताना. काळ्या टी-शर्टवाल्याचं घड्याळ दाखवणं चालूच होतं, तरी निषाद माझ्याकडं वळला. "तुला काहीतरी बोलायचं होतं ना मघाशी? बोल की."

बोलायचं तर होतं. त्याच्यासाठीच तर आले होते. पण खरं सांगते, विचारायचं काही उरलंच नव्हतं. "काही नाही," म्हटलं, "फेटा छान दिसतोय तुम्हाला."

बाहेर पडते तोवर तेजलचा फोन. "मग? पैसे वसूल?"

"वसूल!"

"असं काय म्हणाला गं तो?"

"तो नाही गं," म्हणाले आणि भर रस्त्यात हमसून रडायला लागले. पप्पांना वाटलं, निषादला बघून भरून आलं पोरीला. त्यांनी गुपचूप कोपऱ्यावरून भाजलेलं कणीस आणून दिलं.

सोमवारी क्लासला नाव घातलं. पप्पांना अजून वाटतं, त्या दिवशी मला काही ऐकू आलं नाही. मीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर लाजतील, आणि उद्यापासून वेळेवर निघून जातील.